झिर्कलॉयची नळी कधी फुगते, कधी फुटते: वीस अंशांची गोष्ट

अणुभट्टीच्या इंधनाविषयी बोलणं निघालं की एक प्रश्न हमखास येतो: झिर्कलॉयचं (झिर्कोनियमच्या मिश्रधातूचं) क्लॅडिंग, म्हणजे इंधनाभोवतीची नळी, किती तापमानाला फुटतं? प्रश्न साधा आहे, पण त्याला एका आकड्यात उत्तर देणारा माणूस चूक तरी करतोय किंवा काहीतरी गाळतोय. तीच नळी, तोच मिश्रधातू ७८० अंश सेल्सिअसला फुटू शकतो आणि ९५० लाही. फुटण्याआधी तिचा घेर २० टक्के वाढेल किंवा ८० टक्के. हे कशावर ठरतं, ते आज जरा हिशेबाने बघू. विषय क्रीपचा आहे, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या विसर्पणाचा: स्थिर भाराखाली धातूने वेळेगणिक हळूहळू ताणत जाणं. फक्त इथे 'हळूहळू' म्हणजे काही वेळा दोन मिनिटं.

आधी नळीची मापं. पाश्चात्त्य धाटणीच्या पीडब्ल्यूआर (दाबाखालच्या पाण्याच्या) भट्टीत इंधनकांडीचा बाहेरचा व्यास साधारण ९.५ मिमी आणि भिंतीची जाडी ०.५७ मिमी असते. भट्टी चालू असताना बाहेर १५.५ मेगापास्कल दाबाचं पाणी आणि आत हीलियम व विखंडनातून आलेले वायू असतात. बाहेरचा दाब जास्त, म्हणून नळी आत दाबली जाते आणि वर्षभरात हळूहळू आतल्या इंधनगोळ्यांवर बसते. हा ३००-३५० अंशांचा, किरणोत्साराने चालणारा मंद क्रीप. तो महत्त्वाचा आहे, पण तो वेगळा विषय.

खरी गंमत शीतक (इंधनाची उष्णता वाहून नेणारं पाणी) गळण्याच्या अपघातात होते. पाइप फुटला की बाहेरचा दाब काही सेकंदांत कोसळतो, आतला तसाच राहतो आणि नळीवरचा भार उलटा फिरतो. हूप स्ट्रेसचं, म्हणजे घेराच्या दिशेने भिंतीवर येणाऱ्या ताणाचं, सूत्र शाळकरी आहे: दाबातला फरक गुणिले त्रिज्या भागिले जाडी. पीडब्ल्यूआरच्या नळीत त्रिज्या-जाडीचं प्रमाण ७.८ च्या आसपास येतं, म्हणजे आतून प्रत्येक १ मेगापास्कल जादा दाबाला ७.८ मेगापास्कल हूप स्ट्रेस. आत ६ आणि बाहेर ०.५ असेल तर ४३. खोलीच्या तापमानाला झिर्कलॉय हा स्ट्रेस खिजगणतीतही धरत नाही. ८०० अंशांना मात्र तो पुरून उरतो.

किती पुरून उरतो, त्यासाठी झिर्कलॉय-४ साठी जर्मनीत कार्लस्रूहच्या केंद्रात एर्बाखर आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं समीकरण हाताशी ठेवावं. अल्फा अवस्थेत (कमी तापमानाच्या स्फटिकरचनेत) क्रीपचा वेग स्ट्रेसच्या ५.८९ व्या घाताच्या प्रमाणात वाढतो आणि सक्रियण ऊर्जा (ती जितकी जास्त, तितका वेग तापमानाला संवेदनशील) ३२० किलोजूल प्रति मोलच्या वर असते. आकडे कोरडे वाटतात, पण त्यांचा अर्थ भयानक आहे. ८०० अंशांवर तापमान फक्त २० अंशांनी वाढलं तर क्रीपचा वेग दुप्पट होतो. स्ट्रेस १० टक्के वाढला तर वेग पावणेदोन पट होतो. भिंत कारखान्यातूनच एका बाजूला ५ टक्के पातळ आली असेल (चांगल्या नळीतही काही टक्क्यांचा फरक असतोच), तर ती बाजू इतर बाजूंपेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त वेगाने ताणते. पोळी जिथे पातळ लाटली गेली तिथेच फुटते, तसंच.

आता यातला खरा सापळा. नळी फुगते तशी त्रिज्या वाढते आणि भिंत पातळ होते. लांबी बदलली नाही असं धरलं तर स्ट्रेस त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. व्यास १० टक्के वाढला की स्ट्रेस १.२१ पट, आणि त्याचा ५.८९ वा घात घेतला की वेग तिप्पट. व्यास २० टक्के वाढला की वेग साडेआठ पट. म्हणजे पहिले १० टक्के फुगायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्म्याहून कमी वेळात पुढचे ३० टक्के होतात. ३० मेगापास्कल परिणामी स्ट्रेस (सर्व दिशांच्या स्ट्रेसचा मिळून एक आकडा) आणि ८०० अंश घेऊन गणित केलं, तर सुरुवातीचा वेग सेकंदाला ०.०७ टक्के येतो. किरकोळ वाटतो ना? पण हा सगळा चढता वेग जोडला की नळी दोन-अडीच मिनिटांत फुटते. म्हणून या प्रयोगाचा आलेख बघणाऱ्याला आधी काहीच घडत नाही असं वाटतं, आणि मग रेषा एकदम उभी होते. संगणकावर हे सोडवताना वेळेचं पाऊल स्थिर ठेवलं तर शेवटचा भाग हमखास चुकतो. स्ट्रेनची (मूळ मापाच्या तुलनेत झालेल्या ताणल्या जाण्याची) वाढ प्रत्येक पावलाला अर्ध्या-एका टक्क्याच्या आत राहील, असं पाऊल आपोआप लहान करत न्यावं लागतं.

इथवर सगळं अल्फाचं झालं. पण झिर्कोनियमचं एक वैशिष्ट्य असं की नेमक्या याच तापमानपट्ट्यात त्याची स्फटिकरचना बदलते. शुद्ध धातूत षट्कोनी अल्फाची घनाकृती बीटा ८६० च्या थोड्या वर होते. झिर्कलॉय-४ मध्ये कथिल, लोह, क्रोमियम आणि हजार-बाराशे पीपीएम ऑक्सिजन असल्याने हे बदल पसरतात: साधारण ८१० ला सुरुवात, ९७५-९८० ला शेवट. मधल्या पट्ट्यात दोन्ही अवस्था एकत्र नांदतात. नायोबियमवाल्या मिश्रधातूंत, म्हणजे कुडनकुलमच्या रशियन भट्ट्यांतल्या ई११० सारख्या १ टक्का नायोबियमच्या नळीत, हा बदल आणखी खालच्या तापमानाला सुरू होतो. त्यामुळे झिर्कलॉय-४ चं समीकरण तिथे जसंच्या तसं चिकटवणं ही चूक आहे, आणि ती लोक करतात.

मिश्र पट्ट्यात स्ट्रेसचा घात ५.८९ वरून २.३ च्या आसपास उतरतो. घात कमी म्हणजे पातळ झालेली जागा बाकीच्यांना फार मागे टाकत नाही, सगळा घेर बऱ्यापैकी सारखा ताणतो. सावकाश तापवलं तर ८२०-८५० च्या आसपास झिर्कलॉय जवळजवळ सुपरप्लास्टिक, म्हणजे न तुटता खूप ताणला जाणारा, वागतो आणि फुगा मोठा होतो. त्यापुढे ९००-९५० ला चित्र उलटतं: मऊ बीटा आणि कठीण अल्फा शेजारी शेजारी असल्याने स्ट्रेन मऊ भागातच साठतो, वाफेत ऑक्सिजन शिरून पृष्ठभाग कडक झालेला असतो, आणि फुटण्याच्या वेळचा स्ट्रेन खाली येतो. पूर्ण बीटात तो पुन्हा थोडा चढतो. तापमानाविरुद्ध स्ट्रेनचा आलेख काढला तर एक मोठी टेकडी, मग दरी, मग लहान टेकडी असं दिसतं. तुमचा अपघात या आलेखावर कुठे उभा आहे हे माहीत नसेल, तर फुटीच्या स्ट्रेनचा कुठलाही आकडा निरर्थक आहे.

फुटीचं तापमान काढायला अमेरिकेच्या न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशनच्या १९८० च्या न्यूरेग-०६३० अहवालातलं सूत्र अजून वापरात आहे. हूप स्ट्रेस 'स' हजार पाउंड प्रति चौरस इंचात, तापण्याचा दर सेकंदाला २८ अंशांनी भागून 'ह' (शून्य ते एक), मग:

तापमान = ३९६० − २०.४ × स ÷ (१ + ह) − ८५,१०,००० × स ÷ [१०० × (१ + ह) + २७९० × स]

उत्तर अंश सेल्सिअसमध्ये. ५० मेगापास्कल म्हणजे स = ७.२५. अगदी सावकाश तापवलं तर ७७७ अंश येतात, सेकंदाला २८ अंशांनी तापवलं तर ८६६. एकाच दाबाला केवळ तापण्याच्या वेगाने जवळजवळ ९० अंशांचा फरक! २० मेगापास्कलला हेच आकडे ८८८ आणि ९५४ होतात. हे सूत्र अंतर्दाबाच्या प्रयोगांवर बसवलेलं आहे, त्यात भौतिकी शोधू नये. आणि स्ट्रेस इथे सुरुवातीच्या मापांवरून काढायचा, फुगलेल्या मापांवरून नाही. ही चूक झाली की उत्तर गुपचूप बिघडतं, कारण आकडा दिसायला ठीकच असतो.

आता या सगळ्यातली मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट. अल्फातली झिर्कलॉयची नळी ओढून-लाटून केलेली असल्याने तिच्या स्फटिकांना ठरावीक कल असतो. बहुतेकांचे मुख्य अक्ष त्रिज्येच्या दिशेच्या आसपास, ३० अंशांत झुकलेले. यामुळे घेर वाढताना भिंत सहज पातळ होत नाही, आणि वाढीव घेराला लागणारा माल नळी लांबीतून काढते. फुगताना नळी आखूड होते. आता समजा इंधनगोळी आत जरा एका बाजूला सरकली आहे. ती बाजू गरम, म्हणून जास्त फुगू पाहते, म्हणून जास्त आखूड होते. एक बाजू आखडली की नळी वाकते, आणि वाकते ती अशी की गरम बाजू सरळ राहून गोळ्यांना चिकटून बसते व थंड बाजू गोळ्यांपासून दूर उचलली जाते. गरम बाजू आणखी गरम, थंड बाजू आणखी थंड. कार्लस्रूहच्या रेबेका नावाच्या प्रयोगमालिकेत हे स्पष्ट दिसलं. घेराभोवती काही दशक अंशांचा फरक पडला की गरम पट्टी एकटीच ताणून फुटते, बाकीचा घेर जेमतेम हलतो, आणि फुटीचा सरासरी स्ट्रेन बराच खाली येतो. बीटात हा कल नाहीसा होतो, त्यामुळे तिथे हा खेळही नाही.

सुरक्षेच्या दृष्टीने असमान तापणं चक्क उपकारक आहे, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण पीडब्ल्यूआरमध्ये कांड्या १२.६ मिमी अंतरावर उभ्या असतात. १२.६ भागिले ९.५ म्हणजे १.३३. सगळ्या कांड्या एकाच उंचीवर ३३ टक्के फुगल्या की शेजारी शेजाऱ्याला टेकतो आणि पाण्याची वाट आक्रसते. लवकर, लहान फुग्याने फुटलेली नळी वाट मोकळी ठेवते. एकसारखी, सुबक, मोठी फुगलेली नळी ती बुजवते. ज्या प्रयोगशाळेत नळी भट्टीत चौफेर सारखी तापते, तिथे हाच सर्वांत वाईट आकडा मिळतो. सुरक्षेच्या हिशेबाला तो चालतो, कारण तो जास्तीचा आहे. प्रत्यक्षात असंच होईल असं मात्र म्हणता येत नाही.

आपल्याकडे रावतभाट्यापासून तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटपर्यंत ज्या जड पाण्याच्या भट्ट्या आहेत, त्यांचं गणित निराळं आहे. तिथे क्लॅडिंग मुद्दाम पातळ ठेवतात. २२० मेगावॉटच्या १९ कांड्यांच्या जुडीत (एकत्र बांधलेल्या संचात) कांडीचा व्यास १५.२ मिमी आणि जाडी साधारण ०.४ मिमी असते. म्हणजे त्रिज्या-जाडीचं प्रमाण १८.५, पीडब्ल्यूआरच्या दुपटीहून जास्त. पण आत वायूचा दाब सुरुवातीला वातावरणाच्या आसपासचाच, आणि इंधन फार जाळलं जात नाही, टनामागे ७,००० मेगावॉट-दिवसांच्या घरात. त्यामुळे आत साठणारा वायूही बेताचा. नळी पहिल्या दिवसापासून शीतकाच्या दाबाने गोळ्यांवर चपटून बसलेली असते. रचनाच तशी आहे. कॅनडात जुडीतल्या कांड्यांना लावायचे स्पेसर आणि बेअरिंग पॅड (अंतर राखणारे आणि टेकू देणारे छोटे तुकडे) बेरिलियमने ब्रेझ करतात, म्हणजे वितळवून जोडतात. फार तापलं की ते बेरिलियम क्लॅडिंगमध्ये शिरून तिथे तडा पाडू शकतं. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये हे पॅड रेझिस्टन्स वेल्डने बसवतात, त्यामुळे ही एक कटकट मुळातच नाही.

आणि या भट्ट्या आडव्या असल्याने क्रीपचा मोठा प्रश्न क्लॅडिंगहून प्रेशर ट्यूबचा, म्हणजे जुड्या आणि शीतक जिच्यात असतं त्या नळीचा, असतो. झिर्कोनियम-अडीच टक्के नायोबियमची ती नळी तापली की दाब असेल तर फुगते, दाब नसेल तर जुड्यांच्या वजनाने खाली लोंबते, आणि दोन्ही वेळा बाहेरच्या कॅलॅन्ड्रिया ट्यूबला टेकते. टेकली की उष्णता त्या ट्यूबबाहेरच्या मॉडरेटरच्या (न्यूट्रॉन मंदावणाऱ्या जड) पाण्यात जाते. म्हणजे इथे क्रीप काही अंशी मदतनीस आहे, अट एवढीच की टेकण्याआधी ती कुठे एका ठिकाणी पातळ होऊन फुटायला नको. पुन्हा तोच घेराभोवतीच्या तापमानाचा प्रश्न: चॅनेल अर्धा भरलेला असेल तर वरची बाजू वाफेत, खालची पाण्यात.

फुग्यानंतर काय होतं ते थोडक्यात. फुगलेल्या जागी इंधनाचे तुकडे घसरून साठतात. नॉर्वेतल्या हाल्डेन भट्टीत २००६ च्या आयएफए-६५०.४ चाचणीत खूप जळलेलं इंधन अक्षरशः भुगा होऊन फुटीतून बाहेर पडलं, आणि तेव्हापासून या विषयाला पुन्हा धार आली. शिवाय फुटीतून वाफ आत शिरते आणि नळी दोन्ही बाजूंनी गंजू लागते. ४० टक्के फुगलेली ०.५७ मिमी भिंत ०.४१ वर आलेली असते, म्हणजे तेवढाच ऑक्साइड आता भिंतीचा मोठा वाटा खातो. अमेरिकेच्या नियमात १,२०४ अंश आणि भिंतीच्या १७ टक्के ऑक्सिडेशनची जी मर्यादा आहे, ती फुग्याच्या जागी मोजताना ही पातळ झालेली जाडीच धरायची. किलोभर झिर्कोनियमची वाफेशी अभिक्रिया साधारण ६.४ मेगाजूल उष्णता देते. त्या पट्ट्यात पोचलात की क्रीप हा विषय मागे पडलेला असतो.

आता प्रयोगाकडे, कारण हे आकडे बिघडतात ते बहुधा तिथेच. नमुना नळी कापल्यावर तोंडं घासून घ्या, ॲसिटोनने पुसा, पुढे हातमोज्यांशिवाय हात लावू नका. पिकलिंग केलं असेल, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवून काढलं असेल, तर वाहत्या पाण्याखाली लगेच आणि भरपूर धुवा. फ्लोराइडचा डाग राहिला की तिथे वाफेत पांढरा, ठिसूळ ऑक्साइड उठतो आणि फूट तिथेच येते. भिंतीची जाडी अल्ट्रासॉनिकने घेराभोवती चार ठिकाणी आणि लांबीवर दर दोन-तीन सेंटिमीटरला मोजून ठेवा. ही नोंद नसेल तर नंतर फूट पातळ बाजूला पडली की गरम बाजूला, हे सांगताच येत नाही.

आत ॲल्युमिनाच्या गोळ्या भरा म्हणजे वायूचं आकारमान कमी राहतं. इथे एक बारकावा. नळी मोठ्या टाकीला जोडली तर फुगतानाही दाब स्थिर राहतो. सीलबंद छोट्या आकारमानात नळी फुगली की दाब उतरतो, क्रीप मंदावतो आणि फुगा मोठा होतो. दोन्ही पद्धती रास्त आहेत, पण त्यांचे निकाल एका आलेखात मिसळले की तुलनेचा पाया जातो.

थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तारांची जोडी, हा सर्वांत बदमाश भाग. के प्रकारचं थर्मोकपल निकेलवर आधारित. ते थेट झिर्कलॉयवर स्पॉट वेल्ड केलं तर साडेनऊशेच्या आसपास निकेल-झिर्कोनियमचं कमी तापमानाला वितळणारं मिश्रण तयार होतं, आणि नळीला छिद्र पडतं ते क्रीपने नाही, वेल्डने. ९०० च्या वर जायचं असेल तर प्लॅटिनम-ऱ्होडियम घ्या, आणि फूट वेल्डपासून किती मिलिमीटरवर आली ते प्रत्येक वेळी लिहा. तारा स्वतःच उष्णता ओढून घेतात, त्यामुळे वेल्डची जागा आजूबाजूपेक्षा थंड असते. २० अंशांनी वेग दुप्पट होतो हे लक्षात घेतलं तर पाच-सात अंशांची ही चूक किती महाग आहे ते कळेल. एका उंचीवर एकच थर्मोकपल लावलेला निकाल मी तरी बाजूला ठेवतो. घेराभोवती १२० अंशांवर किमान तीन हवेतच.

तापवायची पद्धतही उत्तरात उतरते. इंडक्शनमध्ये फुगणारा भाग कॉइलच्या जवळ सरकतो आणि जास्त तापतो, म्हणजे फुगा स्वतःला ढकलतो. आत हीटर ठेवला तर फुगणारी भिंत हीटरपासून दूर जाते, थंड होते, फुगा स्वतःला आवरतो. खऱ्या कांडीत दुसरा प्रकार चालतो. निर्वातात किंवा आर्गॉनमध्ये घेतलेला निकाल वाफेत घेतलेल्याशी जुळणार नाही, कारण ऑक्सिजन पृष्ठभागी अल्फा पक्का करतो आणि त्या कडक सालीला मग तडे जातात. आर्गॉनमध्ये ऑक्सिजनचा मागमूस असला तरी ९०० च्या वर झिर्कोनियम तो शोषतो. नमुन्याआधी वायूच्या वाटेत झिर्कोनियमचाच चुरा गरम करून ठेवला तर तो बराचसा ऑक्सिजन आधीच गिळून टाकतो. नमुना बाहेर काढल्यावर चकचकीत रुपेरी नसून निळसर-पिवळट दिसला तर वायू शुद्ध नव्हता.

वापरलेल्या क्लॅडिंगमध्ये हायड्रोजन असतो, आणि हायड्रोजन बीटाला धार्जिणा. काहीशे पीपीएम हायड्रोजनने बदलाचं तापमान काही दशक अंशांनी खाली येतं, नळी आधीच मऊ पडते. उलट, किरणोत्साराने आलेला कडकपणा इतक्या तापमानाला पटकन उतरतो. त्यामुळे ८०० च्या वर नळी कारखान्यात कमी तापवलेली (स्ट्रेस-रिलीव्ह्ड) होती की नवे स्फटिक होईपर्यंत तापवलेली (रीक्रिस्टलाइज्ड), याचा परिणाम बेताचाच राहतो. हायड्रोजनचा आकडा मात्र नमुन्यासोबत हवाच.

फुटीचा स्ट्रेन मोजताना कॅलिपर बाजूला ठेवा. फुगलेली नळी गोल नसते. सर्वांत फुगलेल्या जागी पातळ कागदी पट्टी घेराभोवती गुंडाळा, खूण करा, सपाट करून मोजा आणि फुटीच्या तोंडाची रुंदी वजा करा. ती रुंदी वजा न केल्याने १० टक्के जादा स्ट्रेन सहज निघतो. नंतर नळी त्याच जागी आडवी कापून रेझिनमध्ये बसवा आणि घेराभोवती जाडी पुन्हा मोजा. एका बाजूला सुरीच्या धारेसारखी पातळ आणि समोर जवळजवळ मूळ जाडी दिसली तर तापमान असमान होतं, मग थर्मोकपल काहीही सांगोत. अहवालात 'फुटीचा स्ट्रेन ४२ टक्के' लिहिलं की शेजारी दाब, तापण्याचा दर, फुटीच्या क्षणीचं तापमान, घेराभोवतीचा फरक, वायू कुठला आणि आकारमान किती, हे सगळं एकाच ओळीत यायला हवं.